कूस

लुएला टेन आइक दाराशी उभी,
कमरेवर हात, अंगात नवऱ्याचा जुना कोट.
तिसऱ्यांदा सांगते :
अडीचशे वर्षं हे कोठार इथून हललेलं नाही.
तसूभर.

आम्ही ऐकून घेतो. चेक वठला आहे.
ट्रक गुरुवारी येणार.

स्कोहॅरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर संपत आलेला,
मक्याची ताटं उभ्या उभ्या वाळलेली.
गेल्या हिवाळ्यात बर्फानं छप्पर एका अंगाला बसलं.
पश्चिमेचा खांब तळाशी इतका भुसभुशीत
की ओरिननं पटाशी नुसती टेकवली, ती मुठीपर्यंत आत गेली.
वरच्या तुळया मात्र खणखणीत.

डच सुतारांची रीत अशी :
तुळईची कूस खांबातून आरपार काढायची,
पलीकडे वीतभर बाहेर, टोक गोल तासलेलं
गायीच्या जिभेसारखं,
आणि वरून पाचरी ठोकायच्या.
सबंध सांगाड्यात खिळा नाही.
मधे खळं, दोन्ही बाजूंना गुरं, माळ्यावर गवत,
सगळे एकमेकांचा वास घेत जगलेले.

आम्ही पितळी बिल्ले ठोकत निघालो.
उत्तर तीन. उत्तर चार.
खाली जुन्या खुणा होत्याच, पटाशीच्या उभ्या रेघा,
कुठली कूस कुठल्या खाचेची.
सुतार त्यांना लग्नाच्या खुणा म्हणतात.
चौथ्या जोडीपाशी ओरिन शिडीवर थांबला.
म्हणाला, ही खाच रिकामी आहे.

रिकामी, पण कड घासून गुळगुळीत.
आत पाचरीचा दाब.
आणि समोर काहीच नाही, हवा.
मग दुसरी सापडली. मग नऊ.
मग खुणांची आणखी एक रांग, वेगळ्या हातची,
डावखुरा असावा, रेघा उलट्या कललेल्या.

कुणीतरी आधी या पाचरी काढल्या होत्या.
लाकडं बर्फावरून बैलांनी ओढत आणली होती,
ओढ्यापलीकडून की आणखी लांबून, कोण सांगणार.
कोठारानं आमच्याआधीच एकदा
कूस बदललेली होती.

लुएलाला सांगायचं कुणी?
शेवटी मी सांगितलं.
एकोणऐंशी वर्षांची ती, शिडी चढली.
ओरिन शिडी धरायला आला तर त्यालाच बोलणी बसली.
खाचेत तिनं चार बोटं घातली,
गाय अडली की आत वासरू चाचपतात तशी,
आणि बराच वेळ काढली नाहीत.
म्हणाली, म्हणजे आम्हीसुद्धा सेकंडहँडच.
मग हसली की खोकली, खालून कळलं नाही.

वासे उतरले, तुळया उतरल्या,
शेवटचा खांब क्रेनला लटकून
सावकाश एक गिरकी घेऊन गेला.
टेक्ससच्या डेंटिस्टाचा फोन आला :
पाकोळ्यांसाठी कोरलेली भोकं काचेनं बंद करा.
आम्ही हो म्हटलं. हो म्हणायचेच पैसे मिळतात आम्हाला.

खळ्याच्या फळ्या उचलल्या तेव्हा फटींतून
गहू निघाला, काळा पडलेला, किती जुना देव जाणे.
तिनं तो कॉफीच्या डब्यात भरून घेतला.
विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

जूनमध्ये त्या रस्त्यानं जाताना मी ब्रेक दाबला.
पायाचे दगड जागच्या जागी,
आणि त्यांच्या आत हिरवा गहू,
पन्नास फूट बाय पंचेचाळीस,
कोपरे काटकोनात.
जुना दाणा एकही रुजला नाही मेला, ती म्हणाली,
मग दुकानातून पोतं आणलं.

दारं होती त्या दोन्ही टोकांना
तिनं पेरलं नव्हतं,
गाडी जाईल एवढी वाट सोडली होती.